आठ महिने मिठाचे, चार महिने लाटांचे

मुरूडसमोरच्या समुद्रात, जंजिऱ्याच्या वायव्येला, कांसा नावाच्या खडकाळ बेटावर पद्मदुर्ग उभा आहे. सिद्दीच्या जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात तो बांधवून घेतला. या किल्ल्याच्या तटबंदीत काही ठिकाणी काळे घडीव दगड झिजून आत गेलेले दिसतात आणि दोन दगडांच्या सांध्यात भरलेला चुना मात्र जागच्या जागी, दगडाच्या पृष्ठभागापुढे कित्येक बोटे बाहेर राहिलेला दिसतो. किल्ला पाहायला येणाऱ्यांना ही जागा हटकून दाखवली जाते आणि जुन्या चुन्याची वाखाणणी होते. ती वाखाणणी रास्तच आहे, पण तिच्या नादात खरा प्रश्न बाजूला राहतो. बेसाल्ट हा काळा दगड चुन्यापेक्षा कितीतरी कठीण असतो. लाटांच्या नुसत्या माऱ्याने तट झिजला असता, तर आधी चुना उडून गेला असता आणि दगड मागे राहिला असता. इथे नेमके उलट झाले आहे. याचा अर्थ असा की, दगड झिजवणाऱ्याने कठीणपणाकडे पाहिलेलेच नाही. त्याने दगडात दुसरेच काहीतरी हेरले आहे.

किनाऱ्यावरच्या खडकांविषयी बोलताना आपण सगळे श्रेय लाटांना देऊन मोकळे होतो. लाटा दिसतात, ऐकू येतात, उधाणाच्या दिवशी अंगावरही येतात, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. परंतु भूशास्त्रात दोन वेगळ्या क्रिया मानल्या जातात. खडक जागच्या जागी खिळखिळा होणे, त्याचे कण सुटे होणे किंवा त्यातील खनिजांचे दुसऱ्या खनिजांत रूपांतर होणे, हे विदारण. आणि सुटा झालेला माल उचलून नेणे, त्याच मालाने उरलेला खडक घासणे, ही झीज. कोकणच्या किनाऱ्यावर या दोन्ही क्रिया एकाच खडकावर चालतात, पण त्यांचे हंगाम बऱ्याच अंशी वेगळे आहेत, आणि माझ्या मते या किनाऱ्याच्या रूपाचे मर्म त्या हंगामांच्या वाटणीत आहे.

आधी खडक कोणता ते पाहू. डहाणूपासून रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकापर्यंत आणि त्याही खाली बऱ्याच अंतरापर्यंत किनाऱ्याचा पाया दख्खनच्या लाव्ह्याचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर चढत गेले. आज उरलेला त्यांचा विस्तारही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. दुरून पाहिले तर हा सारा खडक एकजिनसी काळा वाटतो, पण तो तसा नाही. प्रत्येक थराच्या वरच्या भागात लाव्ह्यातून निसटणाऱ्या वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि त्यांच्या पोकळ्या झाल्या. पुढे भूजलाने त्यांतील अनेक पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटी ही खनिजे भरली. थराचा मधला भाग घट्ट, पण निवताना आकुंचन पावल्यामुळे त्याला उभ्या भेगा गेलेल्या. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी रंगाचा मातकट पट्टा, म्हणजे पुढचा लाव्हा येण्यापूर्वीच्या जमिनीचा भाजलेला अवशेष. शिवाय नंतर वर चढलेल्या लाव्ह्याने भरलेल्या उभ्या भेगा, ज्यांना डाइक म्हणतात, त्या अलिबाग-मुरूड भागात किनाऱ्याला अनेक ठिकाणी छेदून जातात. पोकळ्या, भेगा, मऊ पट्टे आणि डाइक ही या खडकाची मर्मस्थाने आहेत. समुद्र नंतर जे काही करतो ते यांच्याच आधाराने करतो.

आता मीठ. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. किनाऱ्याजवळच्या घरांच्या भिंतींना लोणा लागतो, गिलाव्याला फुगवटे येतात आणि बोट लावताच पापुद्रा गळून पडतो, हे कोकणात कोणालाच नवीन नाही. कड्याच्या खडकालाही हाच लोणा लागतो. लाटांचे तुषार खडकावर पडतात आणि पाणी सूक्ष्म छिद्रांतून व भेगांतून आत शिरते. उन्हाने आणि वाऱ्याने ते उडून जाते, मीठ आत राहते आणि त्याचे स्फटिक वाढू लागतात. स्फटिक वाढत वाढत छिद्राच्या भिंतीला टेकला की त्याची वाढ थांबेल असे वाटणे साहजिक आहे, पण तसे होत नाही. स्फटिक आणि खडक यांच्यामध्ये क्षारयुक्त पाण्याची अत्यंत पातळ फीत टिकून राहते, त्या फितीतून स्फटिकाला नवा माल मिळत राहतो आणि तो भिंतीला ढकलत वाढतो. खडक दाबाखाली फार बळकट असतो; ताणाखाली तो त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच बळकट असतो. मिठाचा स्फटिक खडकाला आतून ताणतो, म्हणजे त्याच्या नेमक्या दुबळ्या बाजूवर काम करतो.

एवढ्यावर हे संपत नाही. साधे मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलेच पाणी ओढून विरघळते आणि आर्द्रता त्याखाली उतरली की पुन्हा स्फटिकरूप होते. कोकणात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पहाटेची हवा या मर्यादेच्या वर आणि दुपारची तिच्या खाली असे अनेक दिवस असतात. त्यामुळे एकदा खडकात शिरलेले मीठ नव्या तुषारांची वाट पाहत नाही. ते रात्री विरघळते, दुपारी वाढते, आणि प्रत्येक फेरीला कण थोडे अधिक सैल करते. समुद्राच्या पाण्यात केवळ साधे मीठ नसते, सल्फेटेही असतात, आणि सोडियम सल्फेटासारखे क्षार पाणी शोषून नवे रूप घेतात तेव्हा त्यांचे आकारमान मूळच्या तिपटीहून अधिक होते. त्यात काळ्या खडकावर उन्हाचा चटका पडतो. तापल्यावर मीठ बेसाल्टमधील खनिजांपेक्षा जास्त प्रसरण पावते, म्हणून उष्णतेचा ताणही त्याच छिद्रांवर येतो.

पद्मदुर्गाचे कोडे या वाटेने उलगडते असे मला वाटते. भिंतीत शिरलेले खारे पाणी जिथून बाहेर उडून जाईल, तिथे मीठ साठणार. चांगला मळलेला, घट्ट बसलेला आणि काळानुसार आणखी कडक होत गेलेला चुना पाण्याला सहज वाट देत नसेल, तर ते पाणी शेजारच्या दगडातून बाहेर पडणार आणि मिठाचा सारा उपद्रव दगडाच्या वाट्याला येणार. पोकळ्या असलेल्या बेसाल्टला हा उपद्रव अधिक बाधतो. आजच्या वास्तुसंवर्धनातही हा नियम पाळला जातो: जुन्या दगडी भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरू नये, कारण मग भिंतीतला ओलावा दगडातून बाहेर पडू लागतो आणि दगड फुटत जातो. साडेतीन शतकांत घडीव दगड कित्येक बोटे मागे जातो, ही माहितीही लहान नाही. किल्ला बांधला तेव्हा दगडाचा पृष्ठभाग कुठे होता, हे चुन्याने आपल्यासाठी नोंदवून ठेवले आहे. नैसर्गिक कड्यावर अशी आरंभरेषा जवळजवळ कधीच मिळत नाही.

हेच काम मोकळ्या कड्यावर कसे दिसते, ते पाहण्यासाठी हरिहरेश्वरसारखी जागा नाही. श्रीवर्धन तालुक्यातील हे तीर्थक्षेत्र सावित्री नदीच्या मुखाजवळ, समुद्रात घुसलेल्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. काळभैरवाच्या देवळामागून प्रदक्षिणेचा मार्ग टेकडीवर चढतो आणि मग एका अरुंद घळीतून पायऱ्या उतरत थेट समुद्राच्या पातळीवर येतो. पुढची वाट उघड्या खडकावरून जाते आणि ती ओहोटीच्या वेळीच चालता येते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कडा, आणि त्या कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्याची आठवण करून देणारी जाळी. काही खळगे बोटाचे टोक मावेल एवढे, काही मूठ जाईल एवढे, तर काही एकमेकांत मिसळून वितभर खोल झालेले. दोन खळग्यांमधल्या भिंती मात्र पातळ असूनही धारदार आणि टणक. खळग्याच्या तळाशी बोट फिरवले तर खरबरीत, सुटा कण हाताला लागतो. भिंतीच्या कडेवर तो लागत नाही. झीज आत चालू आहे, बाहेर नाही, हे एवढ्यावरून कळते.

ही जाळी का होते, यावर शास्त्रज्ञ दीड शतकाहून अधिक काळ वाद घालत आले आहेत. पूर्वी वाऱ्याला आणि वाळूच्या घर्षणाला जबाबदार धरले जात असे. परंतु वाळू घासत असती, तर पुढे आलेल्या पातळ भिंती सर्वांत आधी गेल्या असत्या. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील किनाऱ्यावरच्या वालुकाश्माचा अभ्यास करून जॉर्ज मस्टो यांनी १९८२ मध्ये दाखवले की, खळगे मिठामुळे खोल होतात आणि मधल्या भिंतींवर सूक्ष्म शैवालाचा पातळ थर असतो, जो त्या भिंतींना संरक्षण देतो. पुढे २००४ मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोव्हेनच्या संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतींच्या आधारे आणखी एक दुवा जोडला. वाऱ्यावर उघडा असलेला भाग लवकर वाळतो, आडोशाचा भाग उशिरा वाळतो. ओल जिथे अखेरपर्यंत टिकते तिकडे पाणी खेचले जाते आणि मीठ शेवटी तिथेच साठते. म्हणजे खडकावर योगायोगाने एक लहानसा खळगा पडला, एखादी झिओलाइटची गाठ निसटून गेली एवढे जरी झाले, की तिथे सावली येते, सावलीमुळे ओल टिकते, ओलीमुळे मीठ साठते, मिठामुळे खळगा वाढतो आणि सावली आणखी दाट होते. ज्या खडकात बुडबुड्यांच्या पोकळ्या जन्मापासूनच आहेत, त्याला असा आरंभ शोधावाही लागत नाही. लाटांचा इथे संबंध एवढाच की त्या तुषार पुरवतात. जिथे लाटा रोज आपटतात त्या पातळीवर जाळी टिकत नाही. ती दिसते ती त्याच्या थोडी वर.

मग लाटा करतात तरी काय? त्यांची ताकद कमी लेखण्याचे कारण नाही. स्कॉटलंडच्या दीपगृहांचे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी स्प्रिंग बसवलेले एक उपकरण तयार करून लाटांचा दाब मोजला होता. स्केरीव्होर येथे १८४५ च्या एका वादळात त्यांना दर चौरस फुटाला ६,०८३ पौंड, म्हणजे चौरस मीटरला २९ टनांहून अधिक दाब आढळला. अरबी समुद्र पावसाळ्यात उत्तर अटलांटिकइतका उग्र नसला तरी, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या चार महिन्यांत कोकणासमोरच्या खुल्या समुद्रात चार-पाच मीटर उंचीच्या लाटा नवलाच्या नसतात. एरवी, ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत, त्या बहुधा मीटरभराच्या आसपास असतात. लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची चौपट झाली की ऊर्जा सोळापट. म्हणून वर्षभरातल्या लाटांच्या कामाचा फार मोठा हिस्सा पावसाळ्यातच उरकतो.

परंतु अखंड, भेग नसलेल्या बेसाल्टवर पाण्याचा नुसता आघात जवळजवळ निष्फळ ठरतो. लाट यशस्वी होते ती भेगांमुळे. कड्यावर लाट आदळते तेव्हा भेगेतली हवा कोंडली जाऊन क्षणभर प्रचंड दाबली जाते, आणि लाट मागे फिरली की तीच हवा एकदम प्रसरण पावते. असा दाब आणि मोकळीक पावसाळ्यात दर काही सेकंदांनी, रात्रंदिवस चालू राहते. भेगेच्या तोंडाशी मिठाने आणि रासायनिक बदलांनी आधीच सैल झालेला खडक असेल, तर एखादा ठोकळा अखेर उपटून निघतो. मग तोच ठोकळा आणि त्याचे गोटे लाटेच्या हातातले हत्यार होतात. गोट्यांशिवायची लाट आणि गोटे घेऊन येणारी लाट यांत फार अंतर आहे. निघोजला कुकडीच्या पात्रात ज्या रीतीने रांजणखळगे झाले, त्याच रीतीने किनाऱ्यावरच्या सपाट खडकातही गोटे गरगर फिरून गोल खड्डे कोरतात. ओहोटीला अशा खड्ड्यांत डोकावले तर तळाशी ते गुळगुळीत गोटे अनेकदा सापडतात.

भेगांचे हे माहात्म्य लक्षात घेतले की किनाऱ्याच्या पुष्कळ आकृत्या उलगडतात. उभ्या भेगांची एक दाट रांग असेल तिथे घळ होते. हरिहरेश्वरच्या पायऱ्या ज्या फटीतून उतरतात तशी. मातकट पट्टा समुद्राच्या पातळीला आला असेल तिथे कड्याच्या पायथ्याशी आडवी खाच पडते, खाच वाढून गुहा होते, आणि वरचा भार सहन न होऊन कडा कोसळतो. डाइकचे मात्र दोन्हीकडून असते: त्याचा खडक शेजारच्या खडकापेक्षा घट्ट असला तर तो समुद्रात शिरलेली भिंत होऊन उभा राहतो, आणि त्याला आडव्या भेगा फार असल्या तर समुद्र त्यालाच आधी काढून टाकतो व तिथे सरळ चर उरतो. सागरी कमान आणि सागरी स्तंभ यांची शाळेच्या पुस्तकातली क्रमवार चित्रे आपण पाहिलेली असतात. ती चुकीची नाहीत, पण त्यांतून असा समज होतो की समुद्र प्रत्येक ठिकाणी हा क्रम ठरल्याप्रमाणे पार पाडतो. बेसाल्टमध्ये पुष्कळदा गुहेची कमान होण्याआधीच छत खाली येते.

ओहोटीच्या वेळी कड्याच्या पायथ्याशी जो सपाट खडक उघडा पडतो, त्याला तरंगघर्षित मंच म्हणतात. कोकणात त्याला कोळी लोक खडप म्हणतात. शास्त्रीय नावातच निकाल देऊन टाकला आहे की तो लाटांनी घासून झाला. परंतु हा निकाल फार पूर्वीच वादात सापडला होता. अमेरिकन भूशास्त्रज्ञ जेम्स ड्वाइट डाना यांनी न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्स भागात असे मंच पाहिले आणि १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांविषयी लिहिले. त्यांच्या लक्षात आले की, खडक ज्या पातळीपर्यंत कायम पाण्याने भिजलेला असतो त्याखाली तो घट्ट आणि ताजा राहतो. त्या पातळीच्या वर, जिथे तो भिजतो आणि वाळतो, तिथे तो कुजून भुसभुशीत होतो. लाटा फक्त भुसभुशीत झालेला भाग धुऊन नेतात आणि खाली घट्ट खडकाचा सपाट ओटा शिल्लक राहतो. म्हणजे मंचाची पातळी लाट ठरवत नाही, ओल ठरवते. आज बहुतेक अभ्यासक दोन्ही कारणे मान्य करतात आणि कुठे कोणाचा वाटा किती यावर चर्चा करतात. पण कोकणासारख्या, आठ महिने कडक उन्हाच्या किनाऱ्यावर डाना यांच्या म्हणण्याला अधिक वजन द्यावे लागते.

या बाबतीत मोजमापेही झाली आहेत. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये खडकाची झीज मोजण्यासाठी एक साधे पण चोख उपकरण तयार झाले: खडकात कायमचे तीन खिळे ठोकायचे, त्यांवर तिपाई ठेवायची आणि मधल्या सुईने पृष्ठभाग किती खाली गेला ते मिलिमीटरच्या लहान अंशापर्यंत वाचायचे. न्यूझीलंडच्या काइकौरा द्वीपकल्पावर १९७३ पासून असे खिळे आहेत आणि तिथले चिखलखडकाचे व चुनखडकाचे मंच वर्षाला सरासरी साधारण एक मिलिमीटर खाली जात असल्याचे दिसले आहे. बेसाल्ट त्यापेक्षा पुष्कळ चिवट. अधिक नवलाची गोष्ट अशी की, काही वेळा सुई पृष्ठभाग खाली गेल्याचे न दाखवता वर आल्याचे दाखवते. भिजताना आणि वाळताना खडक स्वतःच फुगतो व आकसतो. पृष्ठभाग एकाएकी झिजत नाही. आधी तो आतून सैल होऊन किंचित वर येतो, आणि मग कधीतरी तो कण निघून जातो. विदारण आणि झीज या दोन क्रियांचा क्रम यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळतो.

खडक रोज किती वेळ ओला आणि किती वेळ कोरडा राहतो, हे भरती-ओहोटीच्या तफावतीवर ठरते, आणि ही तफावत आपल्या किनाऱ्यावर सगळीकडे सारखी नाही. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी पाच मीटरच्या आसपास पोहोचते. दक्षिणेला जाता जाता हा खेळ आखडत जातो आणि गोव्याला त्याच्या निम्म्याहून कमी उरतो. म्हणून वांद्र्याच्या बँडस्टँडला किंवा हाजी अलीच्या आसपास ओहोटीला खडकाचा रुंद पट्टा उघडा पडतो, तर गोव्यात लाटा त्या मानाने अरुंद पट्ट्यातच काम करतात.

या पट्ट्यात जिवंत रहिवाशांची गर्दी असते आणि तेही खडकाच्या घडणीत भाग घेतात. ओहोटीला कालवे काढायला बायका खडपावर उतरतात. ज्या खडकावर कालवांचे थर दाट बसले आहेत त्याला ऊन आणि वारा थेट लागत नाही, तो ओला राहतो आणि कमी झिजतो. याच्या उलट, टोपीसारख्या शंखाचे लिंपेट नावाचे गोगलगायीचे भाईबंद खडकावरचे शैवाल खरवडून खातात आणि त्याबरोबर खडकाचे कणही उचलतात. त्यांच्या सूक्ष्म दातांत लोहाचे गोएथाइट हे खनिज असते. पोर्टस्मथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये हे दात तपासले तेव्हा, तोपर्यंत माहीत असलेल्या कोणत्याही जैविक पदार्थापेक्षा ते अधिक ताण सहन करतात असे आढळले. एक लिंपेट फारसे काही करू शकत नाही. पण आधीच सैल झालेल्या पृष्ठभागावर असे शेकडो जीव प्रत्येक भरतीला चरत असतील, तर हिशेब बदलतो.

आतापर्यंत काळ्या खडकाविषयी लिहिले. रत्नागिरी, देवगड, विजयदुर्ग आणि पुढे गोव्याच्या हणजुणे-वागातोरपर्यंत किनाऱ्याचा रंगच पालटतो, कारण तिथे जांभा येतो. फ्रान्सिस बुकानन यांनी केरळातील अंगाडिपुरम येथील दगड पाहून १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट हे नाव दिले, पण कोकणी माणूस त्याआधी कित्येक शतके तो खाणीतून काढून घरे बांधत होता. जांभा हा मुळात विदारणाचा वारसदार आहे. उष्ण हवेत आणि मुबलक पावसात, हजारो नव्हे तर लाखो वर्षे, पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी खडकातून झिरपत राहिले. त्याने चुना, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका वाहून नेली. न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. लोहाच्या ऑक्साइडांनी वरचा थर कडक केला, तो म्हणजे आज आपण पाहतो तो उघडाबोडका सडा. त्याच्या खाली मात्र विदारण अर्धवट झालेला, चिकणमातीचा मऊ थर असतो.

त्यामुळे जांभ्याच्या कड्याची मोडतोड बेसाल्टपेक्षा वेगळ्या तऱ्हेने होते. लाटा आणि झिरपणारे पावसाचे पाणी खालचा मऊ थर पोखरतात, वरचे कडक झाकण आधाराविना पुढे आलेले राहते, आणि एखाद्या पावसाळ्यात त्याचे खोलीएवढे खंड सुटून खाली पडतात. कड्याच्या पायथ्याशी पडलेला हा राडारोडा काही वर्षे लाटांना थोपवतो. तो फुटून वाहून गेला की पुन्हा कड्याची पाळी. जांभा कापला तेव्हा मऊ आणि हवेत राहिला की कडक, हा त्याचा गुण गवंड्यांना माहीत असतो, आणि पडलेले खंड समुद्रात बराच काळ टिकतात त्याचेही तेच कारण. एकूण पाहता रत्नागिरीचा समुद्र असा खडक झिजवत आहे, जो स्वतःच एका जुन्या विदारणाचा उरलेला भाग आहे.

लाटा किनाऱ्यावर सगळीकडे सारख्या जोराने येत नाहीत. उथळ पाण्यात लाटेची गती कमी होते, म्हणून समुद्रात घुसलेल्या भूशिरासमोर ती वळते आणि तिची ऊर्जा भूशिरावर एकवटते. दोन भूशिरांमधल्या आखातात तीच ऊर्जा पांगते. भूशिरे म्हणून उघडी, काळी आणि कड्यांची. आखाते म्हणून पुळणीची. कोकणात लांबच लांब सलग वाळू फारशी नाही, तुकड्यातुकड्याने आहे, ती यामुळे. भूशिरावरून सुटलेला आणि नद्यांनी आणून टाकलेला माल या पुळणीत साठतो, पण तो निवडून. रत्नागिरी शहरात हे अगदी शेजारीशेजारी पाहता येते: भगवती किल्ल्याच्या भूशिराच्या एका अंगाला मांडवीची काळी वाळू आणि दुसऱ्या अंगाला लोक ज्याला पांढरा समुद्र म्हणतात तो किनारा. बेसाल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे विदारणात चिकणमाती होऊन जातात आणि खाडीच्या गाळात मिसळतात; इल्मेनाइट व मॅग्नेटाइट ही जड काळी खनिजे मात्र टिकतात. लाटा हलका कण मागे ओढून नेतात आणि जड कण ठेवून जातात, म्हणून काळी वाळू एका जागी जमते. मालगुंडपासून पूर्णगडपर्यंतच्या किनाऱ्यावरचे इल्मेनाइटचे साठे असेच झाले आहेत. साध्या लोहचुंबकाला या वाळूतले मॅग्नेटाइटचे कण लगेच चिकटतात. फिकट वाळूत शंखशिंपल्यांचा चुरा पुष्कळ असतो, म्हणजे तिचा मोठा भाग खडकाचा नसून प्राण्यांचा आहे.

इथे हंगामांचा हिशेब पुरा मांडता येतो. ऑक्टोबर ते मे या काळात आकाश निरभ्र, ऊन कडक आणि समुद्र तुलनेने शांत. लहान लाटांचे तुषार, भरती-ओहोटीची ओल आणि रात्रंदिवसाची आर्द्रतेची चढउतार यांच्या जोरावर मीठ खडक सैल करत राहते. जूनमध्ये पाऊस येतो. दोन-तीन हजार मिलिमीटर गोडे पाणी कड्यांवरून वाहते, साठलेले मीठ बरेचसे धुऊन जाते, आणि त्याच पाण्यातील विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे रासायनिक विदारणाला जोर चढतो. त्याच वेळी लाटा उंचावतात आणि आठ महिने सैल होत गेलेला माल उचलून नेतात. ही विभागणी अर्थातच काटेकोर नाही. पावसाने उघडीप दिली की मीठही कामाला लागते, आणि चक्रीवादळ मे महिन्यातही येऊ शकते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आले, ते मोसमी पाऊस कोकणात पोहोचण्याआधी.

हा सगळा हिशेब समुद्राची पातळी स्थिर आहे असे धरून केला, आणि ती स्थिर कधीच नव्हती. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता. किनारा तेव्हा कित्येक किलोमीटर पश्चिमेला होता आणि हरिहरेश्वरचा कडा समुद्रापासून दूर, कोरडा उभा होता. आजच्या पातळीच्या आसपास समुद्र येऊन काही हजार वर्षेच झाली आहेत. मिलिमीटरच्या अंशाने झिजणाऱ्या बेसाल्टमध्ये एवढ्या अवधीत रुंद मंच तयार होणे अवघड आहे. म्हणून अनेक अभ्यासकांना वाटते की, जगभरातले बरेच मंच आजच्या समुद्राने केवळ पुन्हा वापरायला घेतले आहेत. ते मूळचे त्याआधीच्या, सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळातले असावेत, जेव्हा समुद्र आजच्याहून काही मीटर वर होता.

आता पातळी पुन्हा वर चालली आहे. १९०१ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि २००६ ते २०१८ या वर्षांत ती वर्षाला ३.७ मिलिमीटर या वेगाने वाढत होती. काइकौराच्या मऊ मंचांची झीज वर्षाला मिलिमीटरभर असेल, तर समुद्र त्यापेक्षा वेगाने वर येत आहे. याचा परिणाम दोन बाजूंनी होतो. मंचाचा खालचा भाग अधिक वेळ पाण्याखाली राहू लागला की तिथे भिजणे-वाळणे कमी होते आणि विदारण मंदावते. तेच काम कड्याच्या पायथ्याकडे सरकते, जिथला खडक आजवर त्या मानाने कोरडा होता. आणि मंचावरचे पाणी खोल झाले की आधी मंचाच्या कडेलाच फुटणाऱ्या पावसाळी लाटा न फुटता पुढे येतात व कड्यापर्यंत पोहोचतात. बेसाल्टचे कडे हा बदल सावकाश सोसतील. चिकणमातीच्या थरावर उभे असलेले जांभ्याचे कडे, आणि त्यांच्या अगदी कडेला नेऊन बांधलेली घरे व रस्ते, यांच्याकडे तेवढा वेळ नाही.